आमचें विमान

शाळेच्या वार्षिक अंकाच्या मराठी विभागासाठीं कांहीं जुन्या आठवणी लिहून पाठवाव्या, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हां आम्हांस प्रथम आठवला तो कोणताहि धडा नव्हे. आठवला तो विमानांचा आवाज. आमची शाळा कुर्ल्याची. सांताक्रूझच्या विमानतळावर पूर्वेच्या बाजूनें उतरणारीं विमानें अगदीं डोक्यावरून जात. विमान आलें कीं मास्तर खडूचा हात फळ्यावर तसाच ठेवून उभे राहात. कविता अर्ध्या चरणांत अडे, गणित बरोबरीच्या चिन्हापाशीं थांबे, आणि आवाज ओसरला म्हणजे 'हं, तर' असें म्हणून गाडें पुढें चालू होई. आमचे एक मास्तर म्हणत कीं, ह्या शाळेंतील मुलगा मॅट्रिक होईपर्यंत निदान महिनाभराची सुटी विमानांच्या कृपेनें भोगतो. त्यांचा हिशेब आम्हीं कधीं पडताळून पाहिला नाहीं. परंतु तो फारसा चुकीचा नसावा.

इतर मुलांस तो आवाज म्हणजे विश्रांति. आम्हांस मात्र त्यांत थोडा अभिमानहि वाटे. कारण आमचे वडील 'एअर इंडिया'च्या कारखान्यांत फिटर होते. धनुर्धारी अश्वमानवाचें चिन्ह मिरविणारें विमान खिडकींतून दिसलें कीं आम्ही मान उंच करून पाहात असूं. एकदां शेजारच्या बाकावरील मुलगा चिडून म्हणाला, "एवढा ताठतोस कशाला? विमान काय तुझ्या बापाचें आहे?" प्रश्न शिवीचा होता, पण आम्हीं तो घरीं जाऊन सरळ विचारला.

"आप्पा, तुमच्या कारखान्यांतलीं विमानें कोणाचीं?"

"सरकारचीं."

"म्हणजे कोणाचीं?"

आप्पांनीं थोडा विचार केला. "म्हणजे आपलीं," ते म्हणाले, आणि जेवावयास बसले.

आप्पांच्या कामाविषयीं येथें दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. ते इंजिनांच्या विभागांत होते. ठराविक तास उड्डाण झालें कीं इंजिन विमानावरून उतरवून, सुटें करून, त्याचा प्रत्येक भाग तपासावयाचा व पुन्हां जोडावयाचा, असा तो उद्योग. हत्यारखान्यांतून पाना किंवा पक्कड घ्यावयाची तर आपल्या क्रमांकाची पितळी चकती तेथील खुंटीवर अडकवून ठेवावी लागे. पाळी संपली कीं हत्यार परत, चकती परत. एक पेचकस जरी कमी भरला तरी काम संपलें असें म्हणावयाचें नाहीं. मिनिटाला हजारों फेरे घेणाऱ्या यंत्रांत विसरलेला लहानसा लोखंडी तुकडा काय अनर्थ करील, हें सांगावयास नकोच. कधीं कधीं आप्पांस घरीं यावयास मध्यरात्र होई. आई कारण विचारी, तर "मोजणी जुळत नव्हती," एवढेंच उत्तर मिळे. ही मोजणी त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती कीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर ते घरांतील चमचेहि मोजीत. आईला ह्याचा मोठा राग येई.

आम्ही सातवींत असतांना भूगोलाच्या मास्तरांनीं एकदां जगाचा नकाशा टांगला आणि मुंबईहून कैरो, कैरोहून जिनीव्हा व तेथून लंडन अशी तांबड्या खडूची रेघ ओढली. ८ जून १९४८, मंगळवार, हा दिवस त्यांनीं आमच्याकडून पाठ करून घेतला. त्या दिवशीं 'मलबार प्रिन्सेस' नांवाचें चार पंख्यांचें कॉन्स्टेलेशन विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघालें आणि १० तारखेस लंडनास पोहोंचलें. एका बाजूचें भाडें १,७२० रुपये होतें. त्या काळीं एवढ्या रकमेंत आमच्या चाळींतील एका कुटुंबाचा वर्षाचा खर्च भागला असता. मास्तरांनीं मग सहज विचारलें, "वर्गांत विमानांत कोण कोण बसलें आहे?" कोणीच हात वर केला नाहीं. आम्हीं भीत भीत सांगितलें, "आमचे वडील बसले आहेत, पण उभ्या विमानांत." वर्ग हंसला. मास्तर हंसले नाहींत. "म्हणजे वर्गांत सगळे मालक आणि उतारू एकहि नाहीं," असें म्हणून त्यांनीं नकाशा गुंडाळला.

तें वाक्य पुढें अनेक वर्षें आमच्या मनांत टोंचत राहिलें.

मास्तरांनीं शिकविलें त्याहून अधिक पुढें आम्हीं वाचून मिळविलें. ह्या कंपनीचें मूळ टाटांच्या टपालविमानांत होतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा ह्यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईपर्यंत टपालाच्या थैल्या घेऊन एक लहानसें विमान स्वतः चालवीत आणलें, आणि तें जुहूच्या मैदानावर उतरविलें. १९४६ मध्यें त्या उद्योगाची 'एअर इंडिया' ही कंपनी झाली. १९४८ मध्यें परदेशच्या वाहतुकीसाठीं 'एअर इंडिया इंटरनॅशनल' ही निराळी कंपनी निघाली, तींत सरकारचा वांटा शेंकडा ४९ होता. पुढें संसदेनें कायदा केला आणि १ ऑगस्ट १९५३ पासून ती सर्वस्वीं सरकारची झाली. देशांतल्या देशांत उडणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून 'इंडियन एअरलाइन्स' नांवाचें दुसरें महामंडळ त्याच वेळीं स्थापन झालें. टाटांस हें राष्ट्रीयीकरण मनापासून मान्य नव्हतें. तरी अध्यक्षपद त्यांनीं स्वीकारलें आणि तें जवळजवळ पंचवीस वर्षें चालविलें. विमानांत उतारू म्हणून बसले असतां ते वही काढून टांचणें करीत. पडद्यांचा रंग, खुर्चीची पाठ, कॉफीच्याच रंगाचा आलेला चहा, सारें त्यांत येई. आप्पांस हें फार आवडे. "हाहि मोजणीवालाच," असें ते म्हणत.

विमानाची कंपनी सरकारची कशाला हवी, असा प्रश्न आज कोणीहि करील. त्याचें एक उत्तर असें कीं, परक्या देशांत विमान उतरवावयाचें तर केवळ पैसा पुरत नाहीं. १९४४ सालीं शिकागो येथें झालेल्या परिषदेनें प्रत्येक राष्ट्रास आपल्या आकाशाचें स्वामित्व दिलें. तेव्हांपासून कोणतें विमान कोठें उतरावें, आठवड्यांतून किती वेळां यावें, हें बहुधा दोन सरकारांनीं करार करून ठरवावयाचें असतें. नव्या स्वतंत्र देशास वकिलातीइतकेंच अशा विमानाचें महत्त्व होतें. १९५० मध्यें नैरोबी, पुढील पांच-सहा वर्षांत सिंगापूर, हाँगकाँग, टोकियो, १९५८ मध्यें मॉस्को, आणि बोइंग ७०७ जातीचीं जेट विमानें आल्यावर १४ मे १९६० रोजीं न्यूयॉर्क, असा तांबड्या रेघांचा विस्तार होत गेला. १९६२ मध्यें पंख्यांचीं विमानें काढून टाकून कंपनीनें जगांतील पहिली केवळ जेट विमानांची कंपनी म्हणून आपलें नांव लाविलें, आणि त्याच वर्षीं 'इंटरनॅशनल' हा शब्द गाळून ती नुसती 'एअर इंडिया' झाली. ह्या सर्व काळांत तिचा खरा वकील तो लाल पगडीचा, मिशाळ, वांकून नमस्कार करणारा महाराजा. कंपनीचे बॉबी कूका व चित्रकार उमेश राव ह्या दोघांनीं १९४६ मध्यें तो जन्मास घातला. संस्थानें विलीन झालीं, तनखे गेले, पण हा एक महाराजा सरकारी नोकरींत कायम राहिला!

कचेऱ्या सजविण्यासाठीं कंपनीनें चित्रेंहि घेतलीं. नागपूरकडील बी. प्रभा ह्या तरुण चित्रकर्तीचीं चित्रें, त्यांस फारसें कोणी ओळखत नव्हतें त्या दिवसांत, तिनें विकत घेतलीं. १९६७ मध्यें स्पेनचा नामांकित चित्रकार साल्वादोर दाली ह्याच्याकडून उतारूंस भेट देण्यासाठीं रक्षापात्राचा नमुना करविला. त्यानें मोबदला म्हणून हत्तीचें पिल्लूं मागितलें, आणि तें खरोखरच विमानानें पाठविण्यांत आलें. आमच्या चाळींत नळास पाणी नसे त्या दिवसांतील ही गोष्ट आहे. तथापि त्या हत्तीचा आम्हांस कधीं राग आला नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

वैभवाबरोबर दुःखेंहि होतीं. पहिली 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजीं आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळून ४८ जीव गेले. त्यांत बहुतेक जहाजावर रुजू होण्यास निघालेले खलाशी होते. बोइंग विमानांस हिमालयांतील शिखरांचीं नांवें होतीं, आणि त्यांपैकीं 'कांचनगंगा' त्याच परक्या शिखरावर २४ जानेवारी १९६६ रोजीं आदळली. ११७ जणांत डॉक्टर होमी भाभा होते. मध्यें १९५५ च्या एप्रिलांत बांडुंगच्या परिषदेस निघालेल्या 'काश्मीर प्रिन्सेस'मध्यें हाँगकाँग येथें कोणी बाँब ठेविला. तें विमान जळत समुद्रांत पडलें व १६ जण मेले. कॅप्टन जटार व हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी ह्यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळालें. वांचलेल्या तिघांपैकीं अनंत कर्णिक हे विमानाची देखभाल करणारे इंजिनियर होते. आप्पा त्याच वर्षीं उमेदवार म्हणून लागले. राम-कृष्णांच्या गोष्टी आम्हांस आजीनें सांगितल्या. कर्णिकांची आप्पांनीं सांगितली.

१८ एप्रिल १९७१ हा रविवार आम्हीं विसरणार नाहीं. त्या दिवशीं पहिलें जंबो विमान 'सम्राट अशोक' मुंबईस आलें. आप्पांनीं आम्हांस सायकलीच्या दांडीवर बसवून विमानतळाच्या कुंपणापाशीं नेलें. हवाई दलाचीं दोन मिग विमानें दुतर्फा चालत होतीं, आणि मध्यें तो प्रचंड पांढरा देह. प्रत्येक खिडकीभोंवतीं राजवाड्याच्या झरोक्यासारखी तांबडी महिरप. कुंपणापाशीं उभ्या असलेल्या गर्दींत विमानांत बसण्यासारखा एकहि मनुष्य नसावा. तरी सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. एक भाजीवाली बाई आपली पाटी खालीं ठेवून हात जोडून उभी होती. मास्तरांचें तें मालकांविषयींचें वाक्य आम्हांस तेथें आठवलें, पण त्या क्षणीं तें खोटें वाटलें.

तेंच विमान १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं दुबईस निघालें आणि वांद्र्याच्या समुद्रांत कोसळलें. २१३ माणसें होतीं; एकहि वांचलें नाहीं. विमान किती कललें आहे हें दाखविणारें एक यंत्र बिघडलें, खालीं काळा समुद्र, वर काळें आकाश, आणि वैमानिकाचा दिशाभ्रम झाला, असें पुढें निष्पन्न झालें. बातमी आली तेव्हां आम्ही घरीं होतों. आप्पा बोलले नाहींत. इंजिनांचा दोष नाहीं हें पुढें कळलें, पण तें कळेपर्यंत त्यांचें अन्नावरचें मन उडालें होतें. रात्रीं चमचे मोजावयास ते बसले, आणि मोजतां मोजतां थांबले. त्या दिवशीं आई त्यांस कांहीं बोलली नाहीं. पुढच्याच महिन्यांत मोरारजी देसाई ह्यांच्या सरकारनें टाटांस अध्यक्षपदावरून दूर केलें.

मालक सरकार असलें म्हणजे सर्व न्याय्यच होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. हवाई सुंदरींस पस्तिसाव्या वर्षीं घरीं बसावें लागे, चार वर्षांच्या आंत लग्न केलें तर नोकरी जाई, आणि पहिल्या गरोदरपणींहि जाई. नर्गिस मिर्झा व त्यांच्या सहकारी स्त्रियांनीं हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलें, तेव्हां १९८१ मध्यें गरोदरपणाचा नियम रद्द झाला. बाकीचा बराचसा तसाच राहिला. 'आपलें' म्हणणाऱ्यांत आम्हीहि होतों, आणि हा नियम आम्हांस वर्तमानपत्रांत खटल्याची हकीकत येईपर्यंत ठाऊकहि नव्हता.

१९९० च्या ऑगस्टांत इराकनें कुवेत गिळंकृत केलें. तेथें आमच्या रत्नागिरीचे, गोव्याचे, केरळाचे लाखों लोक पोटासाठीं गेलेले. ते बगदादमार्गें जॉर्डनची राजधानी अम्मान येथें येऊन पडले, आणि सुमारें दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक माणसें विमानांनीं मुंबईस आणलीं गेलीं. नागरी विमानांनीं एवढ्या लोकांची सुटका पूर्वीं कोणीं केली नव्हती. त्या वेळीं आप्पांच्या निवृत्तीस दोनच वर्षें उरलीं होतीं. ते घरीं एक दिवसाआड येत, आंघोळ करून पुन्हां जात. आमच्या चाळींतील एका बाईचा मुलगा ह्यांतील एका विमानानें परत आला. अंगावरचे कपडे आणि एक पिशवी, एवढेंच त्याच्यापाशीं होतें. तो प्रथम आपल्या घरीं गेला नाहीं. जिन्यावरच आप्पा भेटले, तेव्हां त्यांच्या पायांवर डोकें ठेवून रडूं लागला. "अरे, मी कोण? मी पाने फिरवतों," असें आप्पा पुन्हां पुन्हां म्हणत राहिले. भूगोलाचे मास्तर त्या वेळीं हयात असते तर आम्हीं त्यांस जाऊन सांगितलें असतें कीं, मास्तर, अखेर मालकांपैकीं कांहीं उतारू झाले.

निवृत्त होण्यापूर्वीं नोकरांच्या सवलतीचें तिकीट काढून आप्पा व आई एकदां लंडनास जाऊन आलीं. तोंवर ती सवलत त्यांनीं वापरली नव्हती. परदेशीं उतरून खावयाचें काय, ही त्यांची शंका होती. आई सांगे कीं सारी रात्र ती झोंपली आणि हे मात्र इंजिनांकडे कान लावून ताठ बसले होते. लंडनांत काय पाहिलें असें विचारलें तर ते विमानाच्याच गोष्टी सांगत.

ह्यापुढील हकीकत थोडक्यांत आटोपतों. ती सांगण्यांत सुख नाहीं. आखाती देशांच्या नव्या कंपन्यांनीं आमचे उतारू नेले. इकडे एका वेळीं शंभरावर नव्या विमानांची मागणी नोंदविली गेली. २००७ मध्यें 'इंडियन एअरलाइन्स' व 'एअर इंडिया' ह्यांचें एकत्रीकरण झालें, आणि त्यानंतर सरकारच्या हातीं असेपर्यंत ह्या कंपनीस एकाहि वर्षीं निव्वळ नफा झाला नाहीं. २०१२ मध्यें सरकारनें पुढील कित्येक वर्षांसाठीं सुमारें ३० हजार कोटि रुपये ओतण्याचें ठरविलें. मंत्र्यांस, अधिकाऱ्यांस, संघटनांस दोष देणारे लेख आम्हींहि आवडीनें वाचले. परंतु एक गोष्ट येथें कबूल केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. २००९ सालीं आमच्या मुलानें आम्हांस लंडनास बोलाविलें, तेव्हां आम्हीं भाड्यांची तुलना केली आणि सहा हजार रुपये स्वस्त पडतें म्हणून दुसऱ्या देशाच्या विमानाचें तिकीट काढलें. आप्पांनीं विचारलें, "कोणत्या विमानानें?" आम्हीं सांगितलें. ते "बरें," म्हणाले. त्या रात्रीं चमचे त्यांनीं दोनदां मोजले.

८ ऑक्टोबर २०२१ रोजीं सरकारनें जाहीर केलें कीं टाटांची १८ हजार कोटींची बोली मान्य झाली आहे. २७ जानेवारी २०२२ रोजीं कंपनी त्यांच्या स्वाधीन झाली. जेथून निघाली तेथेंच ती परत गेली, असें बहुतेकांनीं लिहिलें, आणि तें सुंदरहि दिसतें. त्या दिवशींचें वर्तमानपत्र आम्हीं आप्पांस वाचून दाखविलें. त्यांस त्या वेळीं सत्त्याऐंशी वर्षें झालीं होतीं; दृष्टि गेली होती, कान शाबूत होते.

"कर्ज किती होतें?" त्यांनीं विचारलें.

"६१ हजार ५६२ कोटि."

"टाटांनीं किती घेतलें?"

"१५ हजार ३०० कोटि. शिवाय २ हजार ७०० रोख."

बोटांवर हिशेब करावयास त्यांस थोडा वेळ लागला. "म्हणजे सेहेचाळीस हजारांवर राहिलें. तें कोणाकडे?"

"सरकारकडे."

"म्हणजे आपल्याकडे," आप्पा म्हणाले आणि हंसले. फार दिवसांनीं आम्हीं त्यांस असें हंसतांना पाहिलें. मुंबईच्या नरीमन पॉइंटवरची कंपनीची तेवीस मजल्यांची इमारतहि त्या व्यवहारांत टाटांकडे गेली नव्हती. तीहि पुढें महाराष्ट्र सरकारनें १,६०१ कोटि रुपयांस घेण्याचें ठरविलें आणि २०२४ मध्यें केंद्रानें त्यास संमति दिली. पण तें ऐकावयास आप्पा राहिले नव्हते.

त्या दिवशीं वर्तमानपत्र घडी करून ठेवल्यावर त्यांनीं आणखी एक प्रश्न विचारला.

"कारखान्यांत हत्यारें अजून मोजून घेतात ना?"

आम्हांस ठाऊक नव्हतें. निवृत्तीनंतर ते तिकडे फिरकले नव्हते, आणि आम्ही तर कुंपणाच्या आंत कधींच गेलों नव्हतों.

"मोजतात, आप्पा," आम्हीं सांगितलें.